आत्याबाईंच्या तांब्याचा आवाज

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. सख्ख्या बहिणीलाही नाही. देवापुढे बसते तेव्हासुद्धा या विषयाला वळसा घालते—त्याला ठाऊकच असेल की, असं म्हणून उठते. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही आमच्या गावचे नाही, एवढंच असेल कदाचित.

आधी माझा स्वभाव सांगते. मी संशयी आहे. दूधवाल्यानं माप भरलं तरी फेस बाजूला सारून बघणारी. भाजीवाली जरा जास्त गोड बोलली की मी घरी येऊन पिशवी पालथी करते. गावातल्या अंगणवाडीची मी सेविका. तिथल्या खाऊच्या पेटीलाही माझी दोन कुलपं असतात. लोक म्हणतात, बाई काटेकोर आहेत. म्हणोत. गावात माझा शब्द चालतो तो त्यामुळेच—हेही लक्षात ठेवा, कारण पुढं तोच शब्द मी वापरला.

चार वर्षांपूर्वी आम्ही घराचं काम काढलं. जुने पत्रे उतरवले, वर स्लॅब टाकला, आतून प्लास्टर झालं, आणि दिवाळी आली. दिवाळीनंतर आमच्याकडं गावं कशी होतात ते तुम्हाला माहीत नसेल. निम्मं गाव ऊसतोडीला कारखान्यांवर जातं. माझा मिस्त्री आणि त्याचे मजूरही गेले, काम थांबलं, आणि घर तसंच उघडं राहिलं. चौकटी होत्या, पण दारं बसली नव्हती. आतल्या खोलीत वायरची बंडलं, नव्या तोट्या, पाण्याची मोटर. बाहेर फक्त एक ताडपत्री बांधलेली. त्याच महिन्यात गावातल्या तीन बंद घरांची कुलपं तुटली होती. एकाची गॅसची टाकी गेली, एकाची मोटर.

आम्ही दोघं तेव्हा पाटोद्याला भाड्याच्या खोलीत राहत होतो. माझी धाकटी जाऊ द्वारका गावातच, आमच्या मागच्या गल्लीत राहते. ती म्हणाली होती, "अक्का, भाड्यानं काहून राहता? आमचं घर हाय की." मी नको म्हणाले. का? तिच्या घरी राहिलं की तिला माझ्या पेट्या-ट्रंका दिसतील, म्हणून. हे खरं कारण. तिला मी दुसरंच सांगितलं.

रोज अंगणवाडी सुटली की मी घरावर चक्कर मारायची. तोट्या मोजायची. ज्याच्यावर म्हणून संशय घेता येईल त्या सगळ्यांवर घेऊन झाला—फरशीवाल्यावर, समोरच्या बाभळीखाली शेरडं घेऊन बसणाऱ्या म्हाताऱ्यावर, खुद्द आमच्या दिरावर. शेवटी एक युक्ती केली. चुलीची राख चाळून आणली आणि उंबऱ्याच्या आत पातळ पसरली. कोण आत येतं ते राखेवर उमटेल.

दुसऱ्या दिवशी उमटलं. अनवाणी बायकी पाऊल, थेट आतल्या खोलीकडं गेलेलं. उजव्या पायाची करंगळी आखूड.

द्वारकेची करंगळी लहानपणी जात्याखाली सापडली होती.

तिला विचारता आलं असतं ना? "काय गं, आत गेली होतीस का?" सरळ चार शब्द. पण संशयी माणूस विचारत नाही. विचारलं तर उत्तर मिळतं, आणि मग संशय संपतो—मला तो संपायला नको होता की काय, कोण जाणे.

आता आत्याबाईंचं सांगायला हवं. आत्याबाई म्हणजे आमच्या सासूबाई; त्याच श्रावणात गेल्या होत्या. दोन वर्षं अर्धांगानं अंथरुणाला खिळून होत्या, आणि ती दोन्ही वर्षं द्वारकेच्या घरी. मी नोकरीचं कारण पुढं केलं, तिनं काहीच पुढं केलं नाही. आत्याबाईंची वाचा गेली होती. पाणी हवं असलं की त्या उशाजवळचा पितळी तांब्या खाटेच्या पट्टीवर वाजवायच्या. द्वारका हातातलं टाकून पळायची. सगळ्या गल्लीनं तो आवाज ऐकला होता.

राखेवरचं पाऊल बघितलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी गिरणीत दळण घेऊन गेले. पाच-सात बाया होत्या. मी आवाज खाली आणला आणि म्हणाले, काल भर दुपारी घरात गेले तर आतल्या खोलीतून तांब्या वाजत होता. आत्याबाईंचाच.

बाया दळण सोडून जवळ सरकल्या. अंगणवाडीच्या बाई खोटं कशाला बोलतील?

चोरांना भीती बसावी म्हणून बोलले, असं मी स्वतःला चार वर्षं सांगत आले. खोटं आहे ते. गिरणीत कुठला चोर उभा होता? ते बोलणं चोरांसाठी नव्हतंच. ते द्वारकेसाठी होतं. तिनं त्या घरात पाऊल टाकू नये म्हणून मी तिच्याच हातावर गेलेल्या म्हातारीला भूत केलं.

घर मात्र सुरक्षित राहिलं. माझा एक खिळा गेला नाही. पण बायांची जीभ माझ्यापेक्षा पुढं धावली. तांब्या वाजतो म्हणजे म्हातारीला पाणी हवंय. पाणी हवंय म्हणजे तहानेली गेली. तहानेली गेली म्हणजे सुनेनं पाणी दिलं नाही. कुणी तिच्या तोंडावर बोललं नाही, पण हापशावर ती आली की हंडे उचलून बाया निघू लागल्या. संक्रांतीला तिनं वाणाला वीस वाट्या आणल्या होत्या. दुपारपासून काठापदराचं लुगडं नेसून, हळदीकुंकवाचं ताट घेऊन दारात बसली. मी एकटीच गेले. तिनं मला तिळगूळ दिला, माझी ओटी भरली आणि उरलेल्या एकोणीस वाट्यांवर टॉवेल झाकला. मी तिळगूळ खाल्ला. चांगला झालाय म्हणाले.

फाल्गुनात मिस्त्री परत आला. भिंतींवरून हात फिरवत म्हणाला, "बाई, एक भेग न्हाई. पाणी लई चांगलं मारलं तुमी." मी पाणी मारलंच नव्हतं. जाताना तो बजावून गेला होता, आणि मी तोट्या मोजण्यात विसरून गेले होते. भिंती ओल्या दिसायच्या, पण नवं प्लास्टर ओलंच असतं असं मी धरून चालले होते. द्वारका तिथंच उभी होती. म्हणाली, "मीच मारलं. अक्का पाटोद्याला, मंग कोण मारणार?" त्या वर्षी गल्लीतले बोअर आटले होते. पाणी वेशीबाहेरच्या हापशावरून डोक्यावर आणावं लागत होतं.

मिस्त्री गेल्यावर तिनं मला आतल्या खोलीत नेलं. तिथं कोपऱ्यात तो पितळी तांब्या होता, घासलेला, काठोकाठ भरलेला. गावात बोभाटा झाल्यापासून ती रोज भरून ठेवत होती. मी बघितलं नव्हतं का? बघितलं होतं. कितीतरी वेळा. बघून मागच्या मागं फिरले होते.

"अक्का, तुमी सोता ऐकलंय," ती म्हणाली. "येकच सांगा. आत्याबाई रागानं वाजवत व्हत्या, का तहानेनं?"

त्या खोलीत आम्ही दोघीच होतो. मला एवढंच म्हणायचं होतं—अगं, काही वाजलंच नाही. तिच्या पाया पडायलाही जागा होती तिथं. पण उद्या हे गिरणीत कळलं तर? अंगणवाडीत पोरांच्या आया माझ्याकडं कशा बघतील? एवढाच हिशोब केला मी, आणि म्हणाले, "तहानेनं."

तिनं डोळे पुसले. चेहरा मोकळा झाला तिचा. "मंग बरं," म्हणाली. "तहान भागवता येती."

आता घर पूर्ण झालंय. जाड सागवानी दार आहे, आतून दोन कड्या आहेत. गाव विसरलं, बाया पुन्हा द्वारकेच्या घरी चहाला बसतात. ती विसरलेली नाही. रोज सकाळी, स्वतःच्या तोंडात पाण्याचा थेंब जायच्या आत, भरलेला तांब्या घेऊन माझ्या दाराशी येते. ताप असला तरी येते. तांब्या आतल्या खोलीत ठेवते, हात जोडते आणि जाता जाता मला हळूच विचारते, रात्री आवाज आला का.

आज सकाळीही तिनं विचारलं. मी म्हणाले, "नाही गं, आज नाही आला."