पानाकाकांच्या नावावर बारा लिफ्ट

आमच्या इमारतीची सेक्रेटरी मी. हे पद मी मागून घेतलेलं नाही. मीटिंगला पाच मिनिटं उशिरा पोचले, तोवर बाकीच्यांनी माझं नाव लिहून टाकलं होतं. शाळेत गणित शिकवते, त्यामुळे आवाज मोठा आहे आणि डोकं लवकर तापतं असं सगळे म्हणतात. असेल. पण हे ऐकून ज्याचं डोकं तापणार नाही, त्याने ते एकदा डॉक्टरला दाखवावं.

पानाकाका आठव्या मजल्यावर राहतात, म्हणजे सगळ्यात वर. पँटच्या मागच्या खिशात कायम एक पाना, म्हणून पानाकाका. एकोणिसाव्या वर्षी लिफ्टच्या कंपनीत रुळांना ग्रीस लावायला लागले आणि साठाव्या वर्षी मेकॅनिक म्हणून निवृत्त झाले. डाव्या करंगळीचं एक पेर कुठल्याशा कप्पीत गेलं, त्याबद्दल कंपनीने त्यांना तीन दिवस रजा दिली होती. बाकीचे मेकॅनिक दिवसाला आठ लिफ्ट तपासायचे, हे चार. साहेबाने विचारलं, तुम्हालाच एवढा वेळ का लागतो, तर म्हणाले, "मी झाकण उघडून बघतो." त्या एका उत्तरापायी दोनदा बढती हुकली. हे मला त्यांनी नाही, वहिनींनी सांगितलं.

वहिनी म्हणजे त्यांची बायको. लहानपणच्या आजाराने उजवा पाय गेला, तेव्हापासून काखेत कुबडी. तळमजल्यावर जिन्याशेजारच्या खोलीत त्यांचं शिलाईचं दुकान. पँटी आखूड करायच्या, चेन बदलायच्या, शाळेचे गणवेश शिवायचे. तेवीस वर्षं रोज सकाळी साडेनऊला त्या लिफ्टने एकट्या खाली यायच्या. नवऱ्याने सोडायला यायचं नाही, हा त्यांचा नियम. एकदा काका बरोबर आले तर त्यांना अर्ध्यातून परत पाठवलं म्हणे, "मी काय पार्सल आहे?"

आता ऐका. लिफ्टच्या देखभालीचा कंपनीशी असलेला करार संपला. नव्या कराराला त्यांनी तिप्पट आकडा सांगितला, आम्ही विचार करतो म्हणालो. पाचव्या आठवड्यात लिफ्ट बंद पडली. मोडली नव्हती, दोर तुटला नव्हता, मोटर जळली नव्हती. पॅनेलवर फक्त अक्षरं आली, 'सेवा प्रलंबित', आणि लिफ्ट ढिम्म. मी फोन केला तर पलीकडचा पोरगेला आवाज म्हणाला, "मॅडम, लॉक आम्ही नाही करत, ते सिस्टीम करते."

"मग सिस्टीमला फोन द्या," मी म्हटलं. फोन ठेवला त्याने.

काका त्यांच्याच जुन्या ऑफिसात चार वेळा गेले. ज्यांना त्यांनी पाना धरायला शिकवलं, त्यांनी त्यांना बाहेरच्या बाकावर दोन-दोन तास बसवलं आणि वाटाण्याच्या अक्षता लावल्या. करार करा नाहीतर पॅनेलच नवीन घ्या, जुनं आता आम्ही बघत नाही. तुमचं दार, तुमची मोटर, तुमचा जिना, आणि किल्ली मात्र त्यांच्याकडे. ह्याला धंदा म्हणतात? मी तर ह्याला सरळ दरोडा म्हणते.

बाकी सगळे कुरकुरत का होईना, जिने चढत होते. अडकल्या त्या एकट्या वहिनी. चौथ्या मजल्यावरचे दोघे भाऊ म्हणाले, खुर्चीत बसवून उचलून नेतो. वहिनींनी त्यांना चहा पाजला आणि नाही म्हणून सांगितलं. गणवेशाचं कापड तसंच पडलं. गिऱ्हाइकं दाराला कुलूप बघून पुढच्या गल्लीतल्या शिंप्याकडे जायला लागली. आठवा दिवस, बारावा, सतरावा. मी रोज संध्याकाळी वर जाऊन बसायची. काका घरात असले की वहिनी लिफ्टचा विषयच काढायच्या नाहीत, आणि त्याने काकांचा जीव जास्त जात होता.

एकविसाव्या दिवशी, रविवारी सकाळी, काका माझ्या दारात. काखेत लॅपटॉप.

"तुमचा फोन लागेल," म्हणाले. "माझ्या बटणांच्या फोनात नेट नाही."

गोष्ट अशी होती. त्या जुन्या पॅनेलशी बोलणारा कंपनीचा प्रोग्रॅम काकांच्या जुन्या कॉम्प्युटरवर होता. कॉम्प्युटर त्यांच्या पैशाचा, म्हणून निवृत्त होताना कुणी मागितला नाही. तो गेल्या वर्षी बंद पडला, तेव्हा त्यांच्या भाचीने त्याच्यातलं सगळं जसंच्या तसं उचलून नव्या लॅपटॉपच्या आत ठेवून दिलं. म्हणजे नव्या कॉम्प्युटरच्या आत एक खिडकी उघडते आणि त्या खिडकीत अख्खा जुना कॉम्प्युटर चालू होतो, जुन्या निळ्या पडद्यासकट. त्याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. मला आधी ही थापच वाटली.

"कंपनीचं आहे ते. वापरावं की नाही ह्यावर एकवीस दिवस काढले मी," काका म्हणाले. मी त्यांना असं झापलं की विचारू नका. बायको वर कोंडलेली आणि ह्यांना त्या लुटारूंची अदब.

गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत गेलो. चारी बाजूंनी सिमेंट, लोखंडी दार, ग्रीसचा वास. काकांनी लॅपटॉपची एक तार पॅनेलला लावली. प्रोग्रॅम उघडायचा तर त्याला आधी कंपनीच्या सर्व्हरला विचारावं लागतं, आणि त्यासाठी नेट हवं. रेंज होती ती फक्त झरोक्यापाशी. म्हणून मी पालथ्या बादलीवर उभी, हात वर करून फोन झरोक्यात धरलेला, आणि फोनची तार लॅपटॉपला. बावन्न वर्षांची गणिताची बाई बादलीवर. खाली कुणी पाहिलं नाही हे नशीब.

लॅपटॉपला नेट मिळालं. बातम्यासुद्धा उघडल्या. पण आतल्या जुन्या कॉम्प्युटरला मिळेना. तो आपला 'जोडणी नाही, जोडणी नाही'.

"अहो, त्याच डब्यात आहे ना तो?" मी म्हटलं. "बाहेरच्याला मिळतं तर आतल्याला का नाही?"

काकांनी सेटिंग उघडून दहा मिनिटं नुसतं पाहिलं. मग हसले, एकवीस दिवसांत पहिल्यांदा. "भाचीच्या घरी वायफायचा डबा आहे, तिथे ह्याला स्वतंत्र जोडणी मिळायची. इथेही हा तेच मागतोय. तुमचा फोन म्हणतो, मी एकालाच ओळखतो. हा आहे पोटभाडेकरू. ह्याने घरमालकाच्या नळाचं पाणी घ्यायचं, तर हा परस्पर नगरपालिकेत अर्ज करत बसलाय." त्यांनी एका ठिकाणी निवड बदलली, आतल्याने बाहेरच्याचंच नेट वापरायचं अशी, आणि निळ्या पडद्याच्या कोपऱ्यात जोडणीची खूण आली.

तेवढ्यात फोन वाजला. रेंज इतकी मरतुकडी की फोन वाजला की नेट बंद. वहिनी.

"झालं का हो? मी दाराशी येऊन उभी आहे."

"वहिनी, फोन करू नका, त्यानेच बंद पडतंय." मी ठेवला. खूण परत आली. काकांनी चाललं तर चाललं म्हणत आपला जुना कामगार नंबर घातला, पासवर्ड घातला. परत फोन. "फोन का करायचा नाही, ते तरी सांगा." दोन वेळा झालं असं. तिसऱ्यांदा त्यांनी केला नाही आणि पडदा उघडला.

काका म्हणाले, "हे कसं झालं? माझा नंबर दोन वर्षांपूर्वीच बंद व्हायला हवा होता."

त्यांनी बटण दाबलं, पॅनेलवरची 'सेवा प्रलंबित' पुसली गेली. लिफ्टचं कुलूप उघडलं. मी बादलीवरून खाली उतरणार, पण काका हलेनात. पडद्यावर एक यादी होती. बारा इमारती, आमची धरून. प्रत्येकीपुढे महिन्याच्या महिन्याला तपासणीची तारीख, 'ब्रेक तपासला, ठीक', आणि तपासणाऱ्याच्या जागी काकांचा नंबर, काकांचं नाव. दोन वर्षं. दोन वर्षं हा माणूस घरात बसून बायकोच्या काजा-बटणांना मदत करत होता, आणि कंपनी त्याच्या नावावर बारा लिफ्ट तपासत होती.

"गेल्या महिन्याच्या नऊ तारखेला तीन लिफ्ट तपासल्या आहेत तुम्ही," मी वाचलं. "कुठे होता नऊ तारखेला?"

"भाचीकडे. मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. डोळ्यावर पट्टी होती."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नंबर बंद का केला नाही ते आता कळलं. झाकण उघडून बघणारा माणूस ह्यांना नोकरीत नको होता, सहीपुरता हवा होता. यादी एकदा उतरली होती, आता नेट गेलं तरी चालणार होतं, म्हणून मी फोन झरोक्यातून काढला आणि पडद्याचे फोटो घेतले, एकूण एक पान.

काकांनी मात्र मागच्या खिशातला पाना काढला आणि मोटरजवळ जाऊन ब्रेकचं झाकण उघडलं. बॅटरी धरून बराच वेळ वाकून राहिले. मग मला बोलावलं. ब्रेकचे लायनर, म्हणजे चाकाला दाबून धरणाऱ्या पट्ट्या, झिजून कागदाएवढे उरले होते. एका बाजूला तर लोखंड लोखंडाला लागत होतं. आमच्या इमारतीपुढची शेवटची तारीख तीन महिन्यांपूर्वीची. ठीक.

काकांनी मेन स्विच पाडला आणि फ्यूज काढून खिशात टाकला.

"अहो, एकच फेरी," मी म्हटलं. "वहिनी दाराशी उभ्या आहेत. एकदा खाली आणू, मग करा काय ते."

"नाही."

"एकवीस दिवस झाले. लॉक व्हायच्या आधी ह्याच ब्रेकवर चालत होती ना? एका फेरीत काय आभाळ कोसळणार आहे?" मी ओरडले. नको ते बोलले. बायकोपेक्षा तुम्हाला तुमचा पाना प्यारा, असंही म्हणाले. त्याची लाज मला आजही वाटते.

काका जिन्याकडे वळले. एक मजला उतरून गेले, मी मागे. वहिनी लिफ्टच्या दाराशी उभ्या, खांद्याला पिशवी, पिशवीत टेप आणि कात्री, केस नीट बांधलेले. काकांनी काही न लपवता सगळं सांगितलं. लॉक उघडलंय, ब्रेक गेलाय, लायनर यायला दोन दिवस लागतील. तारखांचंही सांगितलं, नावाचंही.

वहिनींनी पिशवी खांद्यावरून काढली. "इतके महिने मी त्याच ब्रेकवर खाली-वर करत होते?"

"हो."

"आणि बाकीच्या अकरा ठिकाणी लोक आत्ता करतायत?"

"हो."

"मग इथे काय उभे राहिलात? जा की," त्या म्हणाल्या, आणि कुबडी टेकत घरात गेल्या. दार जरा जोरातच लागलं.

काका त्याच दुपारी जवळच्या दोन इमारतींत जाऊन आले, पण एकट्याला किल्ली कुणी दिली नाही, उलट ओरडून घालवलं. लायनर दोन दिवसांनी आले. काकांनी ते बसवले, पाण्याचे भरलेले कॅन लिफ्टमध्ये घालून सकाळभर वर-खाली केली, मग स्वतः बसले. तेविसाव्या दिवशी दुपारी वहिनी एकट्या खाली उतरल्या, दुकान उघडलं, मशीनवरची धूळ पुसली आणि दाराला पाटी लावली, 'चार दिवस दुकान बंद'. मी चक्रावलेच. तेवीस दिवस ज्यासाठी तडफडल्या ते उघडून पुन्हा बंद?

"बाकीच्या इमारतींत आता मी बरोबर येणार. ह्यांना लोक ओरडतात आणि हे ऐकून घेतात," त्या म्हणाल्या. माझ्याकडे पाहून नाही, पण मला कळायचं ते कळलं.

लिफ्टच्या सरकारी कचेरीत मी सोमवारीच फोटोंसकट तक्रार दिली होती. काकांचा नंबर कंपनीने त्याच संध्याकाळी बंद केला. साहेबाचा गोड आवाजात फोन आला, "काका, नजरचुकीने झालं, विषय संपवू या." काकांनी ऐकून घेतलं आणि फोन माझ्या हातात दिला. मी काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

कचेरीचा माणूस येईल तेव्हा येईल. आम्ही तिघं रिक्षाने निघालो. इमारतीत शिरायचं, सेक्रेटरीला फोटो दाखवायचे, किल्ली घ्यायची, काकांनी झाकण उघडून बघायचं. पहिल्या तीन ठिकाणी ब्रेक ठीक निघाले. चौथ्या ठिकाणी आमच्यापेक्षा वाईट. काकांनी तिथल्या सेक्रेटरीसमोर मेन स्विच पाडला, आणि आम्ही जिने उतरून वहिनींपाशी येईतो खाली वीसेक माणसं जमली. तुम्ही कोण, कुणी सांगितलं, कंपनीचे माणूस आहात का, आमच्याकडे म्हातारी माणसं आहेत. एकाने तर काकांच्या शर्टाला हात घातला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात वहिनी रखवालदाराची खुर्ची ओढून बंद लिफ्टच्या दारासमोर बसल्या आणि कुबडी आडवी मांडीवर ठेवली. 

"शर्ट सोडा त्यांचा," वहिनी म्हणाल्या. "मी आठव्या मजल्यावर तेवीस दिवस बसले होते. त्यातले शेवटचे दोन ह्यांनी बसवलं. तुम्ही दोन दिवस जिने चढा."