नोफू आणि वाओसाची नजर

ओहोटी लागली की सवाई बेटावरच्या त्या गावातल्या बायका शिंपले वेचायला खडपावर उतरत. सगळ्यांच्या पुढे वाओसा. नोफू ओळखावा तर तिनंच. हा मासा माणसाची चाहूल लागली तरी पळत नाही. शेवाळ चढलेल्या दगडासारखा वाळूत रुतून बसतो, आणि पाठीवरच्या काट्यांत जहर. नव्या सुनांना ती सांगे, "दगडाला तोंड नसतं. वर वळलेली वाकडी फट दिसली, की तिथंच थांबायचं."

साठी उलटल्यावर तिच्या डोळ्यांवर साय धरली. ती कुणाला बोलली नाही. बोलली असती तर घरी बसून चटया विणणं नशिबी आलं असतं.

मुलगा ऑकलंडला कामाला. त्याची बायको सिएनी डोंगराकडची, समुद्राला बिचकणारी. एका सकाळी गुडघाभर पाण्यात, बाकीच्या बायका मागेच असताना, ती थबकली.

"आई, हे पुढचं काय आहे?"

वाओसाला नुसता काळा डाग दिसला. "दगड गं! ठेव पाय. तुम्ही डोंगरातली माणसं सावलीलाही भिता."

सिएनीनं पाय ठेवला. तिची किंकाळी ऐकून बायका धावल्या. घरी आणून सोसवेल तितक्या कढत पाण्यात पाय बुडवला, मग ट्रकमधून दवाखान्यात नेलं. जीव वाचला, पण जखम चिघळत गेली, दोन बोटं काढावी लागली.

"माझाच पाय घसरला," सिएनी येईल त्याला सांगत होती.

वाओसा ते ऐकत कोपऱ्यात बसून राही. शेवटी एका दुपारी पट्टी बदलताना ती म्हणाली, "खोटं कशाला सांगतेस? मला दिसत नाही गं, पोरी."

"माहीत आहे, आई. चहात मीठ घालता तुम्ही हल्ली."

"मग पाय का ठेवलास?"

"सगळ्या बायका ऐकत होत्या," सिएनी म्हणाली. "त्यांच्यासमोर तुम्हाला नाही कसं म्हणायचं?"

वाओसा पुन्हा पट्टी गुंडाळू लागली. सून रागावली असती, चार शिव्या घातल्या असत्या, तर बरं झालं असतं.

त्यानंतर वाओसा पाण्यात उतरली नाही. सिएनी लंगडत बायकांबरोबर जाऊ लागली. घरात कालवण तर हवंच. परतायला जरा उशीर झाला, की वाओसा दारात उभी राहून धुरकट पांढऱ्या उजेडात हाका मारत राही.