निंबाचा पाला आणि आमचे पाहुणे

माझ्या नाकाच्या शेंड्यावर एक बारीक खड्डा आहे. तो कांजण्यांचा, आणि त्या झाल्या तेव्हा मी कडुनिंबावरच काम करत होते, असं सांगितलं की लोक आधी खो खो हसतात. हसू देत. मीही हसते.

वर्ध्याच्या एका फार्मसी कॉलेजात मी संशोधन सहायक होते. देवळीहून रोज एसटीनं जायचं, सावलीत वाळवलेल्या पाल्याचा अर्क काढायचा, त्यातली द्रव्यं एकेक करून वेगळी करायची आणि नमुने नागपूरच्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवायचे. तिथले लोक बशीतल्या पेशींवर विषाणू सोडायचे आणि आमचं द्रव्य त्याला पेशीच्या दारातच अडवतं का ते पाहायचे. कधी अडवायचं. कधी विषाणूबरोबर पेशीही मरायच्या, मग आम्ही मुकाट्यानं चहा प्यायला जायचो. बशीत जमलं म्हणजे माणसात जमलं असं नाही, हे माझं ठरलेलं वाक्य होतं आणि घरी ते ऐकून सगळे विटले होते.

अशातच माझी सोयरीक जमली. मुलगा आष्टीचा, कृषी खात्यातला. पाहायला आले तेव्हा त्यानं विचारलं, ‘‘तुमचा अर्क शेवटी कोणाच्या कामी येईल?’’ मी नको इतकं लांबलचक उत्तर दिलं. पोहे थंड झाले, त्याच्या आईनं दोनदा घड्याळ पाहिलं, पण तो ऐकत राहिला. मला तो तिथेच आवडला. खरं सांगते, त्याआधी आलेल्यांतल्या एकालाही मी होकार दिला नसता.

साखरपुडा रविवारी होता आणि त्याच आठवड्यात मला ताप भरला. सकाळी आरशात पाहिलं तर कपाळापासून गळ्यापर्यंत पाणीदार फोड. डॉक्टरांनी विषाणूवरच्या गोळ्या दिल्या आणि खपल्या धरेपर्यंत कोणात मिसळू नका म्हणाले. घरी आल्यावर मला आत्यानं ताब्यात घेतलं.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. आमच्यातच राहते आणि घर तिच्याच शब्दावर चालतं. गावात इतर लोक अशा वेळी ‘माता आली’ म्हणतात. आमच्या घरानं धर्मांतरानंतर देवीदेवता सोडल्या, तेव्हा तो शब्द आत्याच्या तोंडी येणं शक्य नव्हतं. पण रीत काही सुटली नव्हती. म्हणून आमच्याकडे नुसतं ‘पाहुणे आले’ म्हणायचे. पाहुणे असेपर्यंत दाराला निंबाच्या डहाळ्या, अंथरुणात निंबाचा पाला, आंघोळीला निंबाचं पाणी आणि घरात फोडणी बंद. बिनफोडणीचं वरण खाऊन वडील वैतागले, पण बोलायची हिंमत कोणाची? मी मात्र बोलले.

‘‘आत्या, यानं विषाणू मरतो हे अजून सिद्ध झालेलं नाही.’’

‘‘मंग सिद्ध होयेपर्यंत खाजवत बस.’’

मी पाल्यावर झोपले. खाज कमी झाली, हेही कबूल करते. ते द्रव्यामुळे, थंडाव्यामुळे की गोळ्यांमुळे, ते सांगता येणार नाही. तुलनेला दुसरी मी नव्हती.

मोबाइलच्या उजेडानं डोळे जातात म्हणून आत्यानं माझा फोन डाळीच्या डब्यावर ठेवून दिला. साखरपुडा पुढे ढकलायचं तिनंच आष्टीला कळवलं. त्याच्या आईला ती मोठ्या अदबीनं म्हणाली, ‘‘रविवारी येऊ नोका. पोरीकडे पाहुणे आले हायेत. पंधराक दिवस राह्यतीन. ते गेले का मंग आपलं पाहू.’’

आता मराठी घरात लग्नाच्या मुलीकडे पाहुणे आले म्हणजे काय, हे आत्या सोडून सगळ्या जगाला माहीत आहे. तिकडे त्याच्या आईनं फोन ठेवला आणि जेवणच सोडलं. त्यानं मला फोन केला तर तो आत्यानं उचलला. ‘‘तिले बोलता येत नाई. पाहुणे हायेत ना!’’

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी फक्त त्याचा फोन कसा येत नाही म्हणून झुरत होते. कोणीतरी माझ्या तोंडाची बातमी पोचवली आणि त्यानं नाद सोडला, असं मी पक्कं धरलं होतं. उशीत तोंड खुपसून रडलेही.

मग एका दुपारी दाराशी मोटारसायकल थांबली. आत्याचा आवाज आला, ‘‘आत येऊ नोका, पाहुणे हायेत.’’ आणि त्याचा, चांगलाच तापलेला, ‘‘मले त्या पाहुण्यायलेच पाह्याचं हाये!’’

मी उठून खिडकीशी गेले. केसांत पाला, तोंडभर फोड, अंगावर वडिलांचा जुना सदरा. त्यानं मला पाहिलं, दारावरच्या डहाळ्या पाहिल्या, पुन्हा मला पाहिलं. ‘‘हेच का पाहुणे?’’ म्हणाला आणि पायरीवर बसून पोट धरून हसायला लागला. त्याचं हसू थांबल्यावर सगळा घोटाळा बाहेर आला. आत्यानं कपाळावर हात मारला. निंब विषाणूला दारात अडवतो की नाही ते अजून ठरायचं आहे, पण नवरदेवाला त्यानं जवळजवळ अडवलंच होतं.

‘‘आता जा,’’ मी म्हणाले, ‘‘तुम्हालाही होतील.’’

‘‘मले लहानपणीच येऊन गेल्या,’’ असं म्हणून तो सरळ आत आला, खाटेपासून थोडा लांब बसला, आणि बिनफोडणीचं वरण दोनदा मागून जेवला. शेतकऱ्यांना कपाशीवर निंबोळीचा अर्क मारायला सांगता सांगता आपला घसा बसतो, असं तो सांगत होता. त्या दुपारी मी इतकी सुखात होते की खाजवायचंसुद्धा विसरले.

माझ्या खपल्या पडल्या, आत्यानं कढईत मोहरी तडतडवली, साखरपुड्याची नवी तारीख धरली. आणि पुन्हा फोन वाजला. त्याची आई होती.

‘‘विहीणबाई, आता आमच्याइथं पाहुणे आले हायेत. तुमच्याइकडूनच आले वाटते.’’

मला आता भीती नव्हती. पिशवीभर पाला घेऊन मी आत्याबरोबर एसटीनं आष्टीला गेले. तो पांघरूण ओढून पडला होता आणि त्याचं तोंड माझ्याहून भरलेलं होतं.

‘‘लहानपणी येऊन गेल्या होत्या ना?’’

‘‘गेल्या नव्हत्या,’’ तो म्हणाला.

‘‘मग त्या दिवशी आत कशाला आलात?’’

सुजलेला एक डोळा त्यानं कसाबसा उघडला.

‘‘मुलगी पाह्याले.’’