दोन फेऱ्यांचा उजेड

समजा, तुम्हाला भर चौकात एक खोली उभारायची आहे. तीन भिंती, आत खाट, स्टूल, दिवा. बाहेर एक हँडल. येणाऱ्याजाणाऱ्याने ते फिरवलं की दिवा लागायचा, हात थांबला की विझायचा. ज्यांच्या घरी वीज धड पोचत नाही, त्यांचं जगणं लोकांच्या दंडात उतरवायचं. कराल?

प्रदर्शनं उभारणाऱ्या थोरल्या लेकीने, थोरलीने, केलं. खोली बांधली ती हुबेहूब आईच्या खोलीसारखी. आईचं घर गल्लीच्या शेवटच्या टोकाला. तिथवर येईतो विजेचा जीव गेलेला असतो. दिवा तांबूस, पंखा आळशी, आणि आईचं दम्याची वाफ घ्यायचं यंत्र नुसतंच गुरगुरतं.

पहिलं हँडल थोरलीने हट्टाने जड ठेवलं होतं. मिनिटभरात खांदा भरून यायचा. चाचणीला आलेल्या लोकांनी चार फेऱ्या मारल्या आणि हात झटकत काढता पाय घेतला.

"अहो, लोकांना व्यायाम कशाला लावताय?" तिच्या कचेरीतले साहेब म्हणाले. "गर्दी नसेल तर वरचे आठवड्यात गुंडाळायला सांगतील."

मन मारून तिने हँडलमागचा डायनॅमो काढला, सेन्सर बसवला आणि दिवा सरळ रस्त्यावरच्या खांबाला जोडला. आता दोन फेऱ्यांत पाच मिनिटं लख्ख उजेड. गर्दी लोटली. साहेबांनी पाठ थोपटली.

चौथ्या दिवशी दुपारी आई आली. पिशवीत यंत्र.

"खाट अगदी माझीच गं. फक्त कुरकुरत नाही."

तिने हँडल दोनदा फिरवलं. दिवा लागला आणि लागूनच राहिला.

"एवढ्याशावर? मग मी चार वर्षं उगाच गुदमरले की! मला एक बसवून दे. यंत्र चालेल ना?"

"आई... ते खरं नाही. वीज खांबावरची आहे."

"आणि हँडल?"

"नुसतं बटण."

आईने हँडलवरचा हात काढून घेतला. चालून आल्याने तिला धाप लागली होती. थोरलीने घाईघाईने यंत्राची पिन दिव्याच्या बोर्डात खोचली. यंत्र कधी नव्हे ते खणखणीत चाललं. खाटेवर बसून आई वाफ ओढू लागली.

"वा, अगदी खरं वाटतंय!" रांगेतून कुणीतरी म्हणालं. मोबाइल वर झाले. टाळ्या पडल्या.

"आजी, आवरा आता, आमचा नंबर!"

खोली रविवारी उतरवली. यंत्र पुन्हा आईच्या स्टुलावर गुरगुरतं आहे. जड हँडल थोरलीच्या टेबलाखाली पडून आहे, आणि तिला अजून कळत नाही: तेच ठेवलं असतं, तर एक तरी माणूस खांदा दुखेपर्यंत थांबला असता का?