चुन्याच्या जागी सिमेंट

फ्रान्समधल्या त्या खेड्यात आठशे वर्षांच्या चर्चची किल्ली शेजारच्या आजीबाईंकडे असते. त्यांनी दार उघडलं आणि भिंतीला नुसतं बोट लावलं, तर दगडाचा भुगा खाली सांडला.

"सांध्यांमधला चुना ओल बाहेर सोडायचा," त्या मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या. "आमच्या शहाण्यांनी तो खरवडून सिमेंट भरलं. आता ओल आत कोंडते आणि दगड कुजतो."

माझं डोकंच फिरलं. आठशे हिवाळे काढलेली भिंत यांनी दुरुस्त करून मारली. बांधणाऱ्यांनी चुना का वापरला असेल, एवढाही विचार कुणाला करावासा वाटला नाही. मी तावातावानं बोलतच सुटलो.

"तुमच्याकडे असं नाही करत?" आजीबाईंनी विचारलं.

आमच्या गावच्या काळ्या दगडाच्या देवळाला गुलाबी ऑइलपेंट फासला, तेव्हा शिडी धरून मीच उभा होतो.