माजी नवऱ्याच्या नावावरचा हक्क

आता हे सांगावं की गिळून टाकावं, तेच कळत नाही. पण तुम्ही चहा घेत बसलाच आहात, तर ऐका. कायद्यातलं मला कुणी शिकवू नये, असं मी आयुष्यभर म्हणत आले. त्याच कायद्यानं माझं नाक कापलं!

दोन्ही गुडघे गेले. गावाकडून दिव्यांगांचं अनुदान मिळतं, पण ते औषधातच खलास. इथे आखातात, अल मुंतझात लेकीकडे राहते. कॉर्निशवर, म्हणजे समुद्रकाठच्या रस्त्यावर, वारा खायचा तर जावयाने चाकाची खुर्ची ढकलायची. मला बॅटरीवरची खुर्ची हवी होती, आणि तीही स्वतःच्या पैशाची. जावयाकडे हात पसरणारी बाई मी नव्हे!

आणि मोबाइलवर व्हिडिओत एक बाई सापडली. काय ते शुद्ध मराठी! म्हणाली, दहा वर्षं संसार झालेला असेल आणि दुसरं लग्न केलं नसेल, तर घटस्फोटित बाईला माजी नवऱ्याच्या नावावर सरकारकडून वाढीव पैसे मिळतात. त्याला कळवायचीही गरज नाही.

आता सांगा, न कळवता हक्क घेण्यात मजा काय? त्याला माझं बोलणं खपेना, मला त्याचं गप्प बसणं, म्हणून तर मोडलं होतं. मी त्याला मिरजेला फोन लावला. स्पीकरवर! लेक विद्या, जावई, सगळ्यांना ऐकू दे म्हटलं. घसा खाकरला, त्याला नावानं हाक मारणार, आणि तोंडातून काय निघालं?

"अहो, ऐकलंत का?"

जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं असतं तर आलं असतं ना तोंडात! जावयाने तोंडावर उशी दाबली.

"काय गं? बरी आहेस ना?" पलीकडून आवाज कापरा.

"बरीबिरी काही नाही! गुडघे गेलेत. तुमच्यावर माझा हक्क आहे!"

"आहेच की," तो म्हणाला. "मी कधी नाही म्हटलं?"

आता याच्याशी भांडायचं तरी कसं? मी ताडताड सगळे नियम म्हणून दाखवले. मग तो म्हणाला,

"त्या बाई अमेरिकेतल्या आहेत गं. तिथला कायदा सांगतात. मीही बघतो त्यांना. आपलं लग्न मिरजेत झालं ना?"

माझी वाचाच बसली. विद्या साक्षीला आहे, हे प्रथमच घडलं!

"पैशाचं राहू दे," तो म्हणाला. "खुर्ची ढकलायला माणूस हवा असेल तर मी येतो."

मी नको म्हणायच्या आत विद्या ओरडली, "बाबा, व्हिजिट व्हिसा मी काढते! यल्ला, चला, बॅग भरा!"

आले हो. रोज संध्याकाळी आम्ही कॉर्निशवर. मी खुर्चीत, हे मागे. पण वय काय कुणाला चुकलंय? थोडं गेलं की धाप लागते. माणसाला असं उभं कसं ठेवायचं? मग मी उठते, यांना खुर्चीत बसवते, आणि दांड्याचा आधार घेत हळूहळू ढकलते. मजेत समुद्र बघत बसतात!

परवा जावयाने ऑफिसातून येताना गाडी थांबवली. काच खाली करून विचारतो, "आई, वाढीव अनुदानाचा अर्ज नक्की कुणाच्या नावाने करायचा?"