हॉलमधला एकच खिळा

मंगळवारी दुपारी माझे यजमान कामावर, तेलाच्या टर्मिनलवर वारले. मला तासाभराने फोन आला.

तेराव्यानंतर गावाहून आलेली धाकटी नणंद म्हणाली, "वहिनी, दादाचा फोटो हॉलमध्ये हवा." बरोबरच होतं. पण इथे आखातात, फुजैरातल्या आमच्या भाड्याच्या घरात भिंतीला भोक पाडायची परवानगी नाही. हॉलमध्ये आधीच्या भाडेकरूने ठोकलेला एकच खिळा आहे आणि त्यावर एक चित्र होतं.

मुलगी म्हणाली, "आई, जस्ट यूज स्टिकी हुक्स." आम्ही लावले. फोटो दोनदा पडला. काच फुटली नाही.

चित्र म्हणजे छापील प्रत. यांच्या ऑफिसातला एक डच माणूस देश सोडताना देऊन गेला होता. त्यांच्याकडच्या एका शहराची संध्याकाळ. कालवा, पूल, पुलावर पाठमोरा माणूस. आकाश जवळजवळ विझलेलं, पण पाण्यात थोडा पिवळा उजेड अजून आहे. एका खिडकीत दिवा. बाकी घरं काळपट.

आमच्याकडे सूर्य डोंगरामागे लवकर जातो. हे म्हणायचे, "इथे संध्याकाळ होत नाही. उजेड खलास होतो." म्हणून ऑफिसातून आले की ट्यूब न लावता चित्रासमोर बसायचे. तिन्हीसांजेला घरात अंधार नको, असं मी म्हणायचे. "अर्धाच तास," हे म्हणायचे. चोवीस वर्षं देवापुढे निरांजन लावून मी हॉल अंधारात सोडला. पटलं कधीच नाही.

शेवटी नणंदेने चित्र उतरवून सोफ्यावर टेकवलं आणि खिळ्यावर फोटो लावला. फोटो आयडी कार्डासाठी काढलेला, मोठा करून घेतलेला. त्यात हे काउंटरवर आपला नंबर यायची वाट बघताहेत असं वाटतं. चित्र आता पलंगाखाली जाणार, एवढं मला कळलं होतं.

त्या संध्याकाळी मी ट्यूब लावायची विसरले.

"वहिनी, अंधारात काय बसलात?"

मी यांच्या अर्ध्या तासाचं सांगितलं. ती सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसली. भिंतीवरचा फोटो दिसेनासा झाला. चित्रातलं पाणी दिसत राहिलं.

"या बाईने तरी दिवा लावलाय," ती चित्रातल्या खिडकीकडे बघून म्हणाली. मग पाय वर घेऊन, "दादा काही बोलायचा का तेव्हा?"

"नाही."

"मग हे चित्र म्हणजे दादाच."

तिने उठून फोटो उतरवला आणि चित्र परत खिळ्यावर लावलं. "गावी कुणी विचारलं तर हॉलमध्येच लावलाय म्हणून सांगेन," ती म्हणाली. "तुम्ही मला खोटं पाडू नका." आतून आलेली मुलगी म्हणाली, "फायनली."

आता फोटो माझ्या टेबलावर पुस्तकांना टेकून आहे. हॉलमध्ये चित्र आहे. घरात मी आहे.